बाळासोनं उघडून पाहिलेली बंदूक

जोतिबा फडतरे यांना गावात कुणी जोतिबा म्हणत नाही आणि हवालदारही म्हणत नाही. सगळ्यांचे ते आप्पा. वडूजपासून एस.टी.ने अर्ध्या तासावर त्यांचं गाव. या भागात घरटी एकतरी माणूस फौजेत असतो, त्यामुळे निवृत्त हवालदाराचं कुणाला अप्रूप नाही. त्यातून आप्पा चोवीस वर्षं फौजेत राहिले ते बंदुका चालवायला नव्हे, दुरुस्त करायला. ते आर्मरर होते. बायको मनुबाई अजून चिडवते, “लोकांचं नवरं लढून आलं, आमचा स्क्रू पिळून आला.” आप्पा त्यावर कधी रागावत नाहीत. स्क्रू नीट पिळला नाही तर लढणाऱ्याचं काय होतं, हे त्यांना माहीत आहे आणि मनुबाईला समजावून सांगण्याची त्यांची तयारी नाही.

निवृत्तीनंतर आप्पांना एक बिनपगारी काम लागलं. डोंगराकडेच्या शेतात रानडुकरं शिरतात, एका रात्रीत अर्धा एकर मका भुईसपाट करतात. मग कुणी तरी पीक संरक्षणाचा परवाना काढतो, साताऱ्याच्या कचेरीत वर्ष-दोन वर्षं हेलपाटे घालतो, आणि परवाना हातात आल्यावर त्याच्या लक्षात येतं की नवी बंदूक आपल्याला झेपणारी नाही. मग शोध सुरू होतो जुन्या ठासणीच्या बंदुकीचा. कुठे तरी एखादा म्हातारा गेलेला असतो, पोरांना बंदुकीत रस नसतो, आणि दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा करायचा त्यांना वैताग आलेला असतो. अशी बंदूक एका बऱ्या शेळीच्या किमतीत मिळते. प्रश्न एवढाच, की ती डुकराला भिववणार की घेणाऱ्याचंच तोंड फोडणार. हे सांगायला तालुक्यात एकच माणूस, आप्पा. ते पैसे घेत नाहीत. बिनसाखरेचा चहा घेतात आणि बंदूक वाईट असेल तर मालकाचा यथेच्छ अपमान करतात.

गावचे माजी सरपंच लालासाहेब एकदा मोठ्या ऐटीत एक बंदूक घेऊन आले. दस्त्यावर पितळेची फुलं, नळीवर सिंह, आणि तोंडात पणजोबांच्या पराक्रमाची गोष्ट. आप्पांनी नळीत बोट घातलं, आतला सांधा चाचपला आणि शांतपणे विचारलं, “पणजोबांच्या येळंला तुमच्याकडं नळयोजना आली हुती व्हय?” नळी म्हणजे पाण्याचा पाइप निघाला. कुठल्या तरी शोभेच्या वस्तूंच्या दुकानातला माल. लालासाहेबांनी ती दिवाणखान्यात टांगली आणि वर्षभर आप्पांशी बोलले नाहीत.

आप्पांची तपासणी बघायला माणसं ओट्यावर येऊन बसत. बंदूक हातात आली की ते आधी ठासायचा गज नळीत सोडायचे, तो जिथे थांबेल तिथे अंगठा धरायचे, आणि मग तोच गज नळीवर बाहेरून ठेवून बघायचे. गज तळापर्यंत पोचत नसेल तर आत जुना बार ठासलेला आहे असं समजायचं. अशा तीन बंदुका त्यांनी पाहिल्या होत्या, तिन्ही घरातली पोरं खेळायला घेत असत. मग घोडा अर्धा ताणून चाप ओढायचे. अर्ध्यावरून घोडा पडला तर बंदूक तिथेच परत. घोडा डुगडुगतो का, मुठीपाशी दस्त्याला बारीक चीर आहे का, स्क्रूच्या खाचा कुणा अडाण्याने खाल्ल्या आहेत का, हे सगळं ते बोटांनी बघत, डोळे नंतर. नळीत दोरीने बारकी लाइट सोडून आतला गंज बघत. शेवटी नळी धरून ठेवणाऱ्या पाचरी ठोकून काढायच्या, नळी दस्त्यापासून वेगळी करायची, ती सुतळीने टांगून चावीने हलकेच वाजवायची. धड नळी टणकारते. चीर गेलेली नळी बद्द आवाज करते. आणि नळीचं पोट, म्हणजे दस्त्यात लपलेला भाग, तो उन्हात धरून इंच इंच बघायचा. “लबाडी कवाबी पोटाला असती,” ते म्हणायचे. “वरनं समदे साव असत्यात.”

एवढं करूनही आप्पा ‘घे’ म्हणत नसत. मळ्यात जुन्या ट्रॅक्टरचा टायर पडला होता. त्याला बंदूक बांधायची, नेहमीच्या दीडपट दारू ठासायची, चापाला लांब दोरी बांधायची आणि बांधाच्या मागे बसून ओढायची. असे तीन बार निघाले, की मग ‘घे’. त्या ‘घे’वर लोक बंदूक डोळे मिटून खांद्याला लावत. अठरा वर्षांत आप्पांनी ‘घे’ म्हटलेल्या एकाही बंदुकीने कुणाला ओरखडा काढला नव्हता.

आता बाळासोबद्दल सांगायला हवं.

बाळासो देशमुख आटपाडीचा. युनिटच्या वर्कशॉपमध्ये तो आणि आप्पा अकरा वर्षं एका टेबलावर होते. कामाची वाटणी पहिल्या महिन्यातच ठरली होती. हत्यार उघडायचं बाळासोने. आतला प्रत्येक भाग मापून, बघून, तो परत जोडायचा आणि मोठ्याने म्हणायचा, “ठीक.” मग ते आप्पांकडे यायचं. आप्पा बाहेरून तपासायचे, चालवून बघायचे आणि वहीत सही करायचे. जबाबदारी सहीची, म्हणजे आप्पांची. पण बाळासोने ‘ठीक’ म्हटलेलं हत्यार आप्पांनी परत उघडलं नाही. नियमाने उघडायला हरकत नव्हती. पण जोडीदाराने उघडून बघितलेलं त्याच्यासमोर पुन्हा उघडायचं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं म्हणायचं. वर्कशॉपमध्ये असं कुणी करत नसे. एका नव्या पोराने एकदा केलं होतं, तर त्याच्या जोडीदाराने आठवडाभर त्याच्याशेजारी बसून जेवायचं नाकारलं होतं.

बाळासो डावखुरा, गप्पिष्ट, हातात जादू असलेला माणूस. आप्पांच्या पोरांच्या बारशाला तो आला, मुलगा जयराज फौजेत भरती झाला तेव्हा आटपाडीहून पेढे घेऊन आला, आणि जयराजच्या लग्नात वरातीपुढे इतका नाचला की दोन दिवस कंबर धरून बसला होता. सून क्रांती त्याला काका म्हणते. आप्पांना सख्खा भाऊ नाही. असता तर तो बाळासोइतका जवळचा झाला असता की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

या वेळी बंदूक हवी होती क्रांतीलाच. जयराज सरहद्दीवर, आप्पांचा उजवा खांदा नोकरीतच निकामी झालेला, तेव्हा डोंगराकडचं तीन एकर रान क्रांतीच बघायची. तिने स्वतःच्या नावाने अर्ज केला, स्वतः साताऱ्याला खेटे घातले, आणि दोन वर्षांनी परवाना घेऊन आली तेव्हा कचेरीतल्या साहेबाची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. डुकरं मारायची नव्हती, तसला कायदाही तिला पाठ होता. नुसता बार काढून हुसकवायची. “आप्पा, स्वस्तातली बघा,” ती म्हणाली, “पण चांगली बघा. तुमीच बघणार म्हणल्यावर मला काय घोर हाय?”

आप्पांनी चार ठिकाणी निरोप टाकले. श्रावणात बाळासोचा फोन आला. “गड्या, गावभर कशाला हिंडतोस? माज्या सासऱ्याची ठासणीची रायफल हाय की घरात. माज्याच परवान्यावर हाय. आत पिळाचं आटं हायेत, साधी न्हवं. तुज्या सुनंला सांग, काकानं दिली.”

आप्पा दुसऱ्याच दिवशी आटपाडीला गेले.

बंदूक देखणी होती. अशा किमतीत एवढी सरळ नळी आप्पांनी पाहिली नव्हती. त्यांनी गज सोडला, तळापर्यंत गेला. घोडा अर्ध्यावर टिकला. लाइट सोडून पाहिलं, आतले पिळाचे आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, झिजलेले होते पण दिसत होते, गंज थोडाच. स्क्रूच्या खाचा स्वच्छ. नळी नव्याने काळी केलेली होती, ते आप्पांच्या लगेच लक्षात आलं. दुसऱ्या कुणाची असती तर त्यांनी भुवया चढवल्या असत्या. नवा रंग कशाला, काय झाकलंयस, म्हणून त्याला उभा-आडवा घेतला असता. पण बाळासोला हत्यार नटवायची हौस पहिल्यापासूनच. आप्पा गालात हसले आणि पाचरी काढायला खिशातून लाकडी खुंटी काढली.

तेवढ्यात बाळासो म्हणाला, “उघडून बघितलीया मी. परवाच. ठीक.”

खुंटी आप्पांच्या हातात तशीच राहिली. समोर बाळासो बसला होता, चहाची बशी डाव्या हातात धरून, फुंकर घालत. त्याची बायको अंजना दारात उभी होती. ‘ठीक’ शब्द त्याने तसाच उच्चारला होता, वर्कशॉपमध्ये उच्चारायचा तसा, तुटक आणि शेवटी जरा खाली उतरणारा. आप्पांनी खुंटी परत खिशात टाकली. त्यांना बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, रोज एकट्याने बघायचं, एकट्याने ठरवायचं, आणि आज कुणी तरी पुन्हा शेजारी बसून म्हणालं होतं, की अर्धं काम मी केलंय.

“मग झालं तर,” आप्पा म्हणाले.

कायद्याप्रमाणे बाळासोने विक्रीचं लेखी कळवलं, पंचेचाळीस दिवस गेले, दोन्ही जिल्ह्यांच्या कचेऱ्यांतून कागद फिरले. घटस्थापनेनंतर क्रांती आणि आप्पा आटपाडीला गेले आणि बंदूक घेऊन आले. बाळासोने क्रांतीच्या हातात नारळ दिला. अंजनाने तिची ओटी भरली. क्रांती दोघांच्या पाया पडली.

खंडेनवमी दोन दिवसांवर होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं आणि अवजारं पूजतात, विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत. मनुबाईने ठरवून टाकलं, की यंदा सुनेची बंदूक पाटावर बसणार. पण दुसऱ्याच सकाळी क्रांती रानातून आली ती रागाने लाल होऊन. डुकरांनी मक्याची एक बाजू साफ केली होती. “आप्पा, आजच बार काढायचा. दोन बार, बास. दारू हाय, टोप्या हायेत. दाखवा मला कसं ठासायचं ते.”

आप्पांनी मळ्यात तिला सगळं दाखवलं. दारू किती, गज किती दाबायचा, ठिणगी पाडणारी टोपी सगळ्यात शेवटी का बसवायची. ती भराभर शिकली. मग तिने टायरकडे आणि दोरीकडे बघितलं. “ह्याला बी दोरी? काकांनी उघडून बघितलीय म्हणालता की तुमी.”

आप्पा अडखळले. खरं सांगायचं तर दोरी त्यांनी घरून निघताना घेतलीच नव्हती, ती टायरपाशी आधीच पडलेली होती. बाळासोच्या बंदुकीला दोरी बांधायची त्यांना लाज वाटत होती. उद्या क्रांती बोलण्याच्या ओघात काकाला सांगेल, तुमच्या बंदुकीची पण आप्पांनी दोरीने परीक्षा घेतली. बाळासो हसेल, पण त्याला लागेल.

“तसं काय नडलं न्हाई म्हणा,” आप्पा म्हणाले. “धर, लाव खांद्याला.”

क्रांतीने बंदूक उचलून खांद्याला लावली. तेव्हा बांधावर न्याहारीचं टोपलं घेऊन उभी असलेली मनुबाई जी कडाडली, तिचा आवाज शेजारच्या मळ्यात गेला असेल. “आवं, सगळ्या तालुक्याच्या बंदुकांस्नी दोरी, आन माज्या सुनंच्या बंदुकीला न्हाई? लाज वाटती का काय? बांधा आदी!”

आप्पांनी बांधली. बायकोचं तोंड बंद करायला बांधली, एवढंच. नेहमीची दीडपट दारू ठासली, वर गोळी घातली. तिघं बांधामागे बसले. आप्पांनी दोरी ओढली.

आवाज बाराचा नव्हता. फुटक्या भांड्यावर घण पडावा तसा होता, आणि पाठोपाठ काही तरी सणसणत त्यांच्या डोक्यावरून गेलं. धूर विरल्यावर आप्पा सावकाश उठले. दस्ता मुठीपासून पुढे उभा फाटला होता. नळी घोड्याजवळ, खांदा आणि गाल येतो त्या बाजूला, हातभर उघडी पडली होती. एक तुकडा टायरमध्ये रुतला होता.  क्रांतीने आपला उजवा गाल हाताने चाचपला, नुसताच, आणि मग ती बांधावर बसून राहिली. मनुबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

आप्पांनी नळी उचलली, चटका बसला तरी सोडली नाही. पोटाला, दस्त्यात लपलेल्या भागात, जुनी चीर होती, चांगली वीतभर. तिच्यात पितळेचा डाख भरलेला. वरून कानस मारून सारखा केलेला आणि त्यावर नवा काळा रंग. बारने डाख उडून गेला होता, कडा तेवढ्या राहिल्या होत्या. एखाद्या खेड्यातल्या लोहाराचं काम असेल, बाळासोच्या सासऱ्याने कधी तरी करून घेतलं असेल, बाळासोच्या नजरेतून सुटलं असेल, असं आप्पांनी स्वतःला सांगून पाहिलं. म्हातारपण आहे, नजर कमी झाली असेल. त्यांनी ते मनापासून सांगून पाहिलं. मग त्यांनी राहिलेली कड उन्हात धरली. कानशीचे ओरखडे डावीकडून उजवीकडे तिरपे उतरले होते, आणि शेवटी दर वेळी एक हलका उलटा हात. जगात एवढ्या सफाईने, डाव्या हाताने, उलटा हात मारून कानस चालवणारा एकच माणूस आप्पांना ठाऊक होता. अकरा वर्षं त्याच्या शेजारी बसून त्यांनी तो हात पाहिला होता. त्याचं कौतुकही केलं होतं.

त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघाले, मायणीला गाडी बदलली आणि दहाच्या सुमाराला आटपाडीत उतरले. पिशवीत नळीचा तो तुकडा होता.

बाळासो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. आप्पांनी तुकडा त्याच्या मांडीवर ठेवला. बाळासोने तो उलटा केला, कड बघितली आणि काही न विचारता पहिलं वाक्य बोलला, “कुणाला लागलं न्हाई न्हवं?”

या वाक्याने आप्पांचं उरलंसुरलं अवसान गेलं. अनोळखी माणूस विचारतो, काय झालं. ज्याला काय होणार ते ठाऊक असतं, तोच विचारतो, लागलं का.

“तुला ठावं हुतं,” आप्पा म्हणाले.

बाळासोने अंजनाला आत जायला खुणावलं. ती गेली नाही, दाराशीच उभी राहिली. मग तो सांगत गेला. दोन दिवाळ्यांपूर्वी नातवंडांना मोठा आवाज ऐकवायचा म्हणून त्याने दारू जास्त ठासली होती. नळी चिरली. आर्मररच्या हातून बंदूक फुटली, हे कुणाला सांगणार? त्याने स्वतःच डाख भरला आणि ती खुंटीला लावून ठेवली. आता त्याला परवान्यावर दुसरी, बरी बंदूक घ्यायची होती, आणि त्याआधी ही उतरवायची होती.

“मोडीत घालायची हुतीस.”

“मोडीत घालायची म्हणजी चार लोकांस्नी कारण सांगायचं.”

“मग दुसऱ्या कुणाला का न्हाई दिलीस?” आप्पांचा आवाज चिरकला. “माज्याच सुनंला का?”

बाळासोने मांडीवरचा तुकडा पुन्हा उलटा केला. लबाड माणूस असता तर त्याने इथे काही तरी थाप मारली असती, आणि ती आप्पांना चालली असती. पण बाळासोला आप्पांशी खोटं बोलायची सवय नव्हती, निदान त्याचा स्वतःचा तसा समज असावा. तो म्हणाला, “दुसऱ्या कुणाला दिली असती, तर त्यो ती तुज्याकडंच घिऊन आला असता. आन तू उघडली असतीस. हितनं तिथवर तुला दाखवल्याबिगर बंदूक कोण घेतंय? मी सोता ठीक म्हणल्यावर मातुर तू उघडणार न्हवतास.”

आप्पांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग वाटलं, नीटच ऐकलं. साऱ्या तालुक्यात त्यांची नजर चुकवायला एकच जागा होती, आणि ती जागा म्हणजे बाळासोवरचा त्यांचा विश्वास. बाळासोने ती बरोबर शोधली होती. चीर शोधावी तशी.

“आन तू दोरी लावणार, हे मला पक्कं ठावं हुतं,” बाळासो घाईघाईने म्हणाला. “देवाशपथ गड्या. तू दोरीबिगर कुणाला बंदूक देत न्हाईस. फुटली तर टायरवर फुटंल, जुनी हुती म्हणशील, सोडून देशील. पोरीच्या जिवाला धोका हाय असं वाटलं असतं तर दिली असती का मी? ती मला काका म्हणती.”

“मी दोरी लावणार न्हवतो,” आप्पा म्हणाले. “तुजी म्हणून लावणार न्हवतो. तिनं खांद्याला लावली हुती.”

दारातून अंजनाचा “अगं बाई” एवढाच आवाज आला. बाळासोचा चेहरा उतरला, त्याने हात जोडले, काही तरी बोलू लागला. पण आप्पांच्या मनात आता वेगळंच काही उठलं होतं. ते विचारू नये असं त्यांना फार वाटत होतं. विचारलं नसतं तर निदान अकरा वर्षं तरी शाबूत राहिली असती.

“बाळासो,” ते म्हणाले, “वर्कशॉपात तू ठीक म्हणायचास. ती समदी उघडत हुतास न्हवं?”

बाळासोने जोडलेले हात खाली घेतले. विषय बंदुकीवरून हलला म्हणून त्याला सुटल्यासारखंच वाटलं असावं. तो थोडं हसलासुद्धा. “समदी कोण उघडतंय रं? दिवसाला चाळीस-चाळीस यायची. दहातली दोन-तीन उघडायचो. हातात घेतली की कळतंच की आपल्याला. आन तू हुतास ना पुढं बघायला!”

आप्पा उठले. चहा तसाच होता. अंजनाने “भावजी” म्हणून हाक मारली, त्यांनी मागे पाहिलं नाही. तुकडा बाळासोच्या मांडीवरच राहिला.

गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. डोळ्यांसमोर वही होती. पानांमागून पानं, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला जो. रा. फडतरे. बाळासोला वाटत होतं आप्पा बघतात, आप्पांना वाटत होतं बाळासोने बघितलंय, आणि ज्यांच्या हातात ती हत्यारं गेली त्या पोरांना वाटत होतं दोघांनीही बघितलंय. कुठे काही वाईट झालं, असं आप्पांच्या कानावर कधी आलं नव्हतं. पण कानावर येणार तरी कसं? आर्मररला कोण येऊन सांगतं? मायणीच्या स्टँडवर ते अर्धा तास उभे राहिले आणि वडूजची पहिली गाडी त्यांच्यासमोरून निघून गेली. फसवणारा परका असता तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. इथे शिवी कुणाला घालायची, तर सहीच आपली.

घरी आल्यावर त्यांनी मनुबाईला आणि क्रांतीला सगळं सांगितलं, बाळासोनेच चीर बुजवून बंदूक दिली होती इथपर्यंत. वर्कशॉपचं सांगितलं नाही. क्रांतीने ऐकून घेतलं, उठली आणि बाळासोने दिलेला नारळ परसात कोंबड्यांपुढे फोडला. त्या नावाचा पुन्हा तिने उच्चार केला नाही.

संध्याकाळी जयराजचा फोन आला. रेंज असली की त्याच वेळेला येतो. क्रांती त्याच्याशी बोलली, मग तिने फोन आप्पांकडे दिला.

“आप्पा, समजलं मला,” जयराज म्हणाला. “क्रांती वाचली, बास. तुमी मनाला लावून घिऊ नका.”

आप्पांनी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. “तुजी रायफल कोण बघतं रं?”

“म्हणजी? साफ मीच करतो की रोज. आतलं आर्मरर बघत्यात. दोघं हायेत. त्यातला एक आपल्या कराडकडचाच हाय, लय भला माणूस.”

“त्यो उघडतो का?”

“उघडतच आसंल की. त्येंचं कामच हाय ते.”

“तू उबा ऱ्हा तिथं,” आप्पा म्हणाले. “तुज्यासमोर उघडायला लाव. उद्याच.”

 जयराज हसला, बापाला दुखवू नये म्हणून हसतात तसा. “काय तरीच काय आप्पा? त्यानं तपासून दिलीया. असं उबं ऱ्हायलो तर त्येला काय वाटंल?”

“वाटंल ते वाटू दे!” आप्पा एवढ्या मोठ्याने ओरडले, की क्रांती घाबरून त्यांच्याजवळ धावली. “माज्याच्यानं झालं न्हाई ते, जयराज. तू उबा ऱ्हा!”